रफ्कामावशीचं माळवद

ऐन हौर
१६ सप्टेंबर

लमिया,

तुझं पत्र बसवाल्या मिल्हेमने आणून दिलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर मुद्दाम थांबवलं होतं. क्रूसाचा सण उलटण्याआधी जो माणूस यंदाच्या थंडीबद्दल बोलतो तो थापा मारतो. आता सण झाला, आता बोलतो.

डोंगराडोंगरावर सणाचे जाळ पेटले तेव्हा मी तुझ्या आईच्या माळवदावर पानं मांडत होतो. दरसाल तिथेच मांडतो. माझ्या घरावर सिमेंट आहे आणि सिमेंटला घाम फुटतो. त्यावर मीठ ठेवलं तर बाराही महिने पाऊस दाखवील. मातीच्या माळवदाचं तसं नाही. बारा पानं अंजिराची, महिन्याला एक, एकाच झाडाची, एका आकाराची, देठ उत्तरेला. मीठ अन्फेच्या किनाऱ्याचं, खडे. प्रत्येक पानावर एक चिमूट, आणि चिमूट माझीच. शेजारचा येऊन हातभार लावतो म्हणाला, त्याला खाली पाठवलं. दोन माणसांची चिमूट सारखी नसते.

सकाळी उन्हं यायच्या आत वाचलं: मीठ जितकं विरघळलं तितका तो महिना ओला. पहिलं पान कोरडं. दुसऱ्यावर नुसता ओलावा. तिसऱ्यावर मीठ उरलंच नव्हतं, लमिया. पान वाटीसारखं वळलं होतं आणि वाटीत पाणी होतं.

असं तिसरं पान मी याआधी एकदाच पाहिलंय. तेव्हा पानं तुझे वडील मांडायचे आणि मी मिसरूड फुटलेला, शेजारी उभा राहून शिकत होतो. त्या साली बिहीची फळं झाडावर असतानाच बर्फ आला. पिवळीजर्द फळं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी. तू पाच-सहा वर्षांची असशील. तुला आठवत असेल.

तेव्हा आईला बैरूतला न्यायचं म्हणतेस ते तिसऱ्या पानाच्या आत ने. एकदा वरचा रस्ता मिटला की कोणाचा इलाज नाही. गेल्या थंडीत ती बाहेरच्या जिन्यावरून घसरली ते तुला ठाऊकच आहे. तुला ठाऊक नाही ते सांगतो: माजघराच्या मधल्या तुळईला चीर गेलीय. मी खालून टेकू दिलाय. टेकू उत्तम आहे, पण टेकू तो टेकू.

तिला मनवायचं काम मात्र माझ्याच्याने होणार नाही. पानं गोळा करताना विषय काढला होता.

"मावशी, यंदाची थंडी लमियाकडे."

"का? आजारी आहे का ती?"

"आजारी कशाला असेल? तिला वाटतं, तू यावंस."

"वाटू दे. तिच्या घराला माळवद आहे?"

"तिच्या डोक्यावर अजून तीन मजले आहेत."

"मग तिचा बर्फ ते तीन मजले बघतील. माझा कोण बघणार? तू? आधी स्वतःची कंबर बघ."

एवढं बोलून तिने माळवद दाबायच्या दगडी रुळाला पायाने धक्का दिला, आणि तो रूळ, जो हलवायला मला दोन्ही हात लागतात, माळवदभर गडगडत गेला. त्र्याहत्तर वर्षांची बाई.

तुझा
तन्नूसदादा


बैरूत
४ ऑक्टोबर

तन्नूसदादा,

तुझं पत्र वाचून अन्तून हसला. म्हणाला, इथे समुद्राकाठी बाराही पानांचं पाणी होतं, आम्ही वर्षभर बर्फात असायला हवं. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. पानांवर त्याचाही विश्वास आहे, त्यांच्या गावीही मांडतात, फक्त बायकोपुढे कबूल करत नाही.

गाडीचं ठरवलंय. अन्तूनचा आतेभाऊ टॅक्सी चालवतो. तिसऱ्या पानाच्या आधी गाडी दारात येईल, तू निर्धास्त राहा. मी स्वतः आले असते, पण सध्या डोंगराचा रस्ता मला झेपत नाही. त्या वळणांचं नाव काढलं तरी पोटात ढवळतं. तुझ्यावरच आहे सगळं. तिला सांग की दोन खोल्या आहेत, एक तिची. दुपारी ऊन थेट खाटेवर येतं. चर्च कोपऱ्यावरच आहे. तिला माझी गरज आहे हे ती मान्य करणार नाही, म्हणून ते सोडून बाकी सगळं सांग.

बिहीची फळं मला आठवत नाहीत. मला त्या सकाळचा उजेड आठवतो. जाग आली तर छताला खालून उजेड लागलेला, जणू कोणी अंगणात सगळ्या चादरी अंथरल्यात. आणि आवाज नाही. कोंबडा नाही, झऱ्याचा आवाज नाही. बाबा शेळ्यांकडे जायला बर्फात बोगदा खणत होते आणि त्यांचा खोकला फार लांबून आल्यासारखा वाटत होता. मी वाटी घेऊन बाहेर धावले, बर्फात द्राक्षांची काकवी घालून खायला, तर आईने दारातच वाटी काढून घेतली. "पहिला बर्फ आभाळ पुसून येतो, तो खायचा नसतो. तिसऱ्यांदा पडेल तेव्हा खा." मी रडले. आणि तिसऱ्यांदा पडला त्या दिवशी मी विसरून गेले होते, तर तिनेच वाटी भरून उशाशी आणून ठेवली.

ही बाई माझ्याकडे खाटेवर ऊन खात बसेल का, हे मलाही कळत नाही. पण आण तिला.

एक काम. मिल्हेमच्या हाती डाळिंबाच्या रसाचा आंबट पाक पाठव, दोन बाटल्या, आणि आंबट सुमाक-मसाल्याची पुडी, मोठी. इथे मिळतो तो पाक साखर घातलेला असतो, तो नको.

लमिया


ऐन हौर
२१ ऑक्टोबर

लमिया,

बाटल्या पोचल्या असतील. दोन मागितल्यास, तीन दिल्या. लहानपणी तू आंबट म्हटलं की तोंड फिरवायचीस. शहराने तुझी जीभही बदलली की काय? तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शहरात ऊन जास्त, पित्त होत असेल, आंबट कशाला खाते मग?" मी म्हटलं, तुम्ही दोघी काय ते बघा.

एक चूक सुधारतो. शेळ्यांपर्यंतचा बोगदा त्या सालचा नाही. तो दोन वर्षांनंतरचा, जानेवारीतला. फळं झाडावर असतानाचा बर्फ कितीही आला तरी बोगद्याइतका येत नाही. त्या साली तुझ्या बाबांनी फक्त वाट काढली होती. बाकी तुझी आठवण बरोबर असेल. वाटीचं मला माहीत नाही, मी तिथे नव्हतो.

माळवदाचं काम झालं. पांढरी माती वरच्या खाणीतून दोन खेचरांवर आणली, भुसा चाळून घातला. तुझ्या आईने मळलेली माती हातात घेतली, लाडूसारखी वळली आणि माझ्यासमोर जमिनीवर टाकली. फुटली. "पुन्हा मळ," म्हणाली. लोक मला तन्नूस मिस्त्री म्हणतात, या खोऱ्यातली हे एक सोडून झाडून सगळी माळवदं मी उतरवून त्यांवर सिमेंट घातलंय, तीन गावांत माझं नाव आहे. पुन्हा मळली. दुसऱ्या खेपेला टाकली तेव्हा फुटली नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या मातीत पाणी कमीच होतं.

मी तिला आठ वर्षं सिमेंट घालून देतो म्हणतोय, फुकट. यंदाही म्हटलं. तर म्हणते, "सिमेंटखाली झोपलं की बर्फ ऐकू येत नाही."

"बर्फाला आवाज कुठे असतो, मावशी?"

"पडताना नसतो. बसताना असतो. तुळई सांगते किती झाला ते. एक वीत झाला की एकदा बोलते, दोन वीत झाला की सारखी बोलते. तुमच्या सिमेंटला तोंडच नाही."

तुझ्यासाठी तिने पत्र सांगितलंय. जसंच्या तसं लिहितो. मध्ये एक शब्दही घालायचा नाही अशी ताकीद आहे.

"लिही: लमिया, तुझी आई ठणठणीत आहे. गुडघा दुखतो, पण तो तुझ्या जन्माच्या आधीपासून दुखतो, त्याचा बर्फाशी संबंध नाही. अक्रोड यंदा बरे झाले. कावर्म्याचा रांजण चरबीतल्या मांसाने भरलाय, मेंढी चरबीने अशी मातली होती की कापताना तन्नूसला वाईट वाटलं. (हे तिचंच वाक्य आहे, मला काही वाईट वाटलं नव्हतं.) काय लिहितोस मध्येच? खोड ते. बरं. तुझ्या इमारतीला वर जायची पेटी आहे म्हणे. मी पेटीत बसून वर जाणार नाही. पेटीत माणूस एकदाच जातो आणि तोही आडवा. तू गाडी पाठवणार आहेस असं हा सांगतो. पाठव. गाडीवाल्याला कॉफी देईन, अक्रोड देईन आणि परत पाठवीन. आणि तू आंबट कमी खा. झालं. माझा आशीर्वाद लिही, आणि तुझी सही करू नकोस, माझा अंगठा घे."

अंगठा खाली आहे.

अक्रोडाची पानं परवा एका सकाळीच सगळी गळली, वारा नसताना. नीलकंठासारखे ते मोठे पक्षी जोडीने खाली खोऱ्यात उतरले. मला हे तुझ्या आईने दाखवलं. ती अशा गोष्टी बोटाने दाखवते आणि पुढे काही बोलत नाही; समजलं तर समजलं. पन्नाशी उलटली माझी, पण तिच्या शेजारी उभा राहिलो की मी अजून शिकाऊच आहे.

गाडीचा दिवस कळव.

तन्नूसदादा


बैरूत
६ नोव्हेंबर

तन्नूसदादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुळई बोलते, माती फुटते, पक्षी उतरतात. माझ्या आईला खाली आणायचं, हे एका ओळीत आहे.

रागावू नकोस, पण विचारते. सगळ्या खोऱ्यावर सिमेंट घातलंस आणि एक माळवद ठेवलंस, तेही माझ्या आईच्या डोक्यावर. तुला ती तिथे हवी आहे का? पानं मांडायला जागा हवी म्हणून? डिसेंबरात जिन्यावर पडली तर मी इथून काय करू? तू तिचं कौतुक करतोस ते वाचायला छान वाटतं. पण कौतुक करणाऱ्याला तिची पाठ चोळावी लागत नाही.

पंधरा दिवस झाले मला झोप नाही. डॉक्टर म्हणतात काळजी करायची नाही. सांगायला सोपं आहे.

तिला तयार कर. गाडी ठरल्याप्रमाणे येईल.

लमिया


ऐन हौर
२३ नोव्हेंबर

लमिया,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा जे लिहिलं ते मिल्हेमच्या हाती देण्यासारखं नव्हतं. डॉक्टर कशाला लागतो तुला, तेही कळलं नाही. विचारायचीही इच्छा राहिली नव्हती. आता त्या सगळ्याला वेळ नाही. बर्फ आला.

परवा दिवसभर वसंतासारखं होतं. लोक अंगणात बनियनवर बसले होते. मी मावशीकडे गेलो तर ती दोरीवरून गाद्या काढत होती आणि लाकडी फावडं जिन्याने वर नेऊन ठेवलं होतं.

"मावशी, ऊन बघ किती आहे."

"बघते आहे ना. म्हणून तर."

"म्हणजे?"

"वास घे."

मी घेतला. ओल्या लोखंडासारखा वास होता, थोडासा, आणि आला तसा गेला. मी घरी जाऊन बायकोला लाकडं आत घ्यायला सांगितलं. ती हसली. काल दुपारी, जेवणं होत असताना, समोरचा डोंगर दिसेनासा झाला. ढग आला असं नाही; डोंगर होता तिथे नुसतं पांढरं झालं, आणि ते पांढरं आमच्याकडे चालत आलं. पहिले कण बारीक होते, चाळलेल्या रव्यासारखे, दगडावर पडून उडत होते. मग मोठे झाले आणि उडायचे थांबले. सफरचंदाच्या झाडांवर अजून पानं होती. पानांवर बर्फ साठला आणि फांद्या मोडायला लागल्या. खोऱ्यात ठिकठिकाणी आवाज येत होते, कोणी सुक्या काटक्या मोडतंय असे. नुकसान होत होतं, माझ्या स्वतःच्या बागेचं होत होतं, आणि तरीही मी उंबऱ्यात उभा राहून बघत होतो. इतका सुंदर, इतका घाईने आलेला बर्फ मी त्या बिहीच्या सालानंतर पाहिला नव्हता.

मग आठवलं आणि वर धावलो.

ती माळवदावरच होती. डोक्याला दिवंगत शाहीनकाकांचा, तुझ्या बाबांचा, कोट गुंडाळलेला. अर्धं माळवद साफ करून ती रूळ फिरवत होती. ओली माती रुळाला चिकटू नये म्हणून पुढे भुसा टाकायचा, मग रूळ, मग पुन्हा भुसा. मी फावडं घेतलं. तिने मला कडेने चालायला लावलं, तुळईवर नाही. "मधे वजन नको. ती आज बोलायला लागलीय." खरंच बोलत होती, लमिया. पायाखाली मला जाणवलं. आम्ही एक बाजू साफ करायचो तोवर दुसरी बाजू पांढरी व्हायची.

अंधारायच्या सुमारास बर्फ मंदावला. ती रुळावर बसली. मी म्हटलं, झालं, खाली चल. ती उठली नाही. जवळ गेलो तर चेहरा राखेसारखा, आणि एक हात छातीवर. मी हाक मारली. ती म्हणाली, "ओरडू नकोस. दम घेते आहे." मग उठली आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरली. पण मी पाहिलं ते पाहिलं.

तू विचारलंस, मला ती इथे हवी आहे का. हवी आहे. ती गेली तर माळवदावर कसं राहायचं हे माहीत असलेलं कोणी या गावात उरणार नाही. पण कालचा चेहरा बघितल्यावर मला ती जिवंत हवी आहे, कुठेही असो.

गाडी कुठे आहे? तू म्हणालीस तिसऱ्या पानाच्या आत. मी रोज वळणाकडे बघत होतो. आता रस्ता मठापर्यंतच उघडा आहे, मठाच्या वर खेचरही चालत नाही. हे पत्र मठापर्यंत पोस्टमन पायी नेतोय.

तन्नूस


बैरूत
२५ नोव्हेंबर

तन्नूसदादा,

गाडी तीस तारखेची ठरली होती.

तू तिसरं पान म्हणालास. मी अन्तूनला विचारलं, तिसरं पान म्हणजे कधी? तो म्हणाला, डिसेंबर. त्यांच्या गावी पहिलं पान ऑक्टोबरचं. समुद्राकाठी सगळे तसंच मोजतात, सण होतो तो महिना धरत नाहीत. मी आमच्या घरी कसं मोजायचे ते विसरले होते. पानं बाबा मांडायचे, मला फक्त मीठ धरायला द्यायचे. तू पहिलं पान सप्टेंबरचं धरतोस हे तू लिहिलं नाहीस, आणि मी विचारलं नाही. त्या पानाच्या महिन्याचं नाव कोणीच काढलं नाही. तुला दोष देत नाही. तुला वाटलं असेल, शाहीनच्या मुलीला हे काय सांगायचं.

आता जे मी लिहिलं नव्हतं ते लिहिते.

मला पाचवा महिना लागलाय. एक्केचाळिसाव्या वर्षी. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा तिसऱ्यातच गेलं. आईला त्यातलं काहीच माहीत नाही. या वेळी डॉक्टरांनी खाटेवरून उठायची मनाई केलीय. दुपारचं ऊन खाटेवर येतं असं लिहिलं होतं ना, ती खाट माझी आहे. दिवसभर एकटी असते. अन्तून बंदरावरून संध्याकाळी येतो आणि जेवण करपवतो. मला माझी आई हवी आहे, दादा. ऑगस्टपासून हवी आहे.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती, हे मला माहीत आहे. आणि मग हेही गेलं असतं तर? तिने घर सोडलं, बर्फ सोडला, तुळई पडू दिली, आणि बदल्यात काहीच नाही. ते मला बघवलं नसतं. म्हणून मी ठरवलं की तिने स्वतःसाठी यावं. म्हातारपणासाठी, गुडघ्यासाठी, कशासाठीही. आणि ती स्वतःसाठी काही करणारी बाईच नाही.

आता बर्फ पडलाय, रस्ता बंद आहे, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला असं तू लिहितोस. त्या चेहऱ्याने ती डोंगर उतरायला निघाली तर? आणि नाही निघाली आणि त्या तुळईखाली झोपली तर? मला काही ठरवता येत नाही. तू तिच्यासमोर आहेस. तिला बघ आणि तूच ठरव, सांगायचं की नाही ते. मी तुझ्यावर आरोप केला होता; तो मागे घेते, आणि लगेच तुझ्यावर हे ओझं टाकते.

गाडी अठ्ठावीसपासून मठाच्या दारात उभी असेल. रिकामी आली तरी मी काही म्हणणार नाही.

लमिया


मठ
२९ नोव्हेंबर

लमिया,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती तुझ्या स्वयंपाकघरात असेल आणि अन्तूनची भांडी पुन्हा घासत असेल. तरी लिहितो, कारण ती तुला यातलं काही सांगणार नाही.

पत्र परवा सकाळी आलं. मी ते उंबऱ्यातच उभ्याने वाचलं आणि विचार केला की दिवसभर तिला बघावं, तिचा श्वास बघावा, मग ठरवावं. ठरवायची संधी मिळाली नाही. ती चुलीपाशी बसली होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठ्याने वाच. एवढा वेळ तू पत्राकडे कधी बघत नाहीस."

मी वाचलं. पानांच्या हिशोबापर्यंत आलो तेव्हा ती हसली. "समुद्राकाठचे लोक," म्हणाली, "यांना महिनासुद्धा उधार लागतो." मग पुढचं वाचलं. शेवटपर्यंत थांबवलं नाही.

"पुन्हा वाच. खाटेपासून."

पुन्हा वाचलं.

"दोनदा गेलं आणि मला सांगितलं नाही."

"तुला त्रास नको म्हणून, मावशी."

"माझी चार गेली, तिच्या आधी. मी कोणाला सांगितलं होतं? माझ्यावरच गेली कार्टी." आणि उठली.

लमिया, मी तिला उठताना रोज बघतो. आधी हात गुडघ्यावर, मग भिंतीला, मग एक सुस्कारा. परवा यातलं काही नव्हतं. तिने रांजणातून कावर्मा काढून बरणीत भरला, वाळवलेल्या दह्याच्या पिठाची पिशवी बांधली, कपड्यांच्या पेटीतून बाळाला गुंडाळायचं पांढरं सुती कापड काढलं, जे मी कधी पाहिलं नव्हतं, घडीवर पिवळं पडलेलं. ते छातीशी, कोटाच्या आत. मी म्हटलं, दोन दिवस थांब, बर्फ घट्ट होऊ दे, छातीचं बघू. ती म्हणाली, "छाती माझी आहे."

मग मला माळवदावर नेलं. घर माझ्या स्वाधीन करायचं होतं. तिने मला रूळ फिरवायला लावला आणि स्वतः खाली माजघरात जाऊन तुळईखाली उभी राहिली, ऐकत. खालून ओरडत होती, "हळू. कडेला. आता भुसा. तू नांगर धरलाय का?" वर आल्यावर म्हणाली, "चालेल." तीन गावांच्या मिस्त्रीला "चालेल" मिळालं, आणि खोटं का बोलू, मला ते आवडलं. बर्फ थांबायची वाट बघायची नाही, पडत असतानाच वर जायचं. झोपायचं माजघरात, तिच्याच जागी, म्हणजे ऐकू येईल. आणि सिमेंटचं पोतं दारात दिसलं तर ती मला गावात तोंड दाखवू देणार नाही.

काल उजाडल्यावर निघालो. आभाळ इतकं निळं की बघवत नव्हतं. वाट नव्हतीच, सगळीकडे एकच पांढरं, वरून पापुद्रा धरलेलं. मी पुढे झालो. तिने माझा कोट धरून मागे ओढलं.

"तू मागे राहा. तू पायाकडे बघत चालतोस."

"मग कुठे बघायचं?"

"झाडांकडे. वाट झाडांच्या मधून जाते, उन्हाळ्यात चालला नाहीस का कधी?"

आणि ती पुढे चालली. काठी टेकवायची, थांबायची, पाऊल दाबून बसवायची, मग दुसरं. माझ्यासाठी पावलं पाडत होती, मुलांसाठी पाडतात तशी, जवळजवळ. मी तिच्या पावलांत पाय ठेवत गेलो. दोन ठिकाणी ती बसली, आणि दोन्ही ठिकाणी मला वाटलं की आता मी तिला पाठीवर घेणार. दुसऱ्यांदा मी तसा वाकलोही. "पाठ सरळ कर," म्हणाली, "लोक बघतील तर म्हणतील दोघांत म्हातारं कोण?" लोक कुठे होते? पूर्ण डोंगरावर आम्ही दोघं आणि एका कोल्ह्याचे ठसे. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी मला वाटत होतं की ही चाल कोणीतरी बघायला हवी होती. तुझ्या बाबांनी बघायला हवी होती.

मठाच्या वळणावर बर्फ संपला आणि चिखल सुरू झाला. तिथे तिचा पाय पहिल्यांदा घसरला. मी धरलं. चिखलाला शिव्या दिल्या तिने, बर्फाला एकही दिली नव्हती.

गाडी उभी होती. अन्तूनच्या आतेभावाने तिला मागे बसवायला दार उघडलं, तर ती पुढे जाऊन बसली. बरणी मांडीवर, हात कोटाच्या आत, कापडावर. मी सांगितलं की मी आज रात्री मठात राहीन आणि उद्या वर चढेन. तिने मान हलवली. श्वास बरा होता, मी नीट बघितला. गालांवर रंग होता.

गाडी सुरू झाल्यावर तिने काच खाली केली.

"मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, ते तिने लिहिलंय का पत्रात?"

"नाही, मावशी."

"नीट वाचलंस? मागच्या बाजूला?"

"मागची बाजू कोरी आहे."

"बरं झालं. नाव माझ्याकडे आहे," म्हणाली, आणि काच वर केली.

तन्नूसदादा